बाराची फोडणी

त्यांनी मला कधीच माझ्या नावानं हाक मारली नाही. जिन्याच्या खालून ओरडायचे, “ओ अमरावती!” आणि मी वरून ‘ओ’ द्यायची. नाव विचारलंच नव्हतं त्यांनी. अकोल्याला बदली झाली, जुन्या शहरात खोली बघायला गेले, तर पहिला प्रश्न: “कोठची?” म्हटलं, अमरावतीची. झालं, बारसं उरकलं. माझ्या आधी वरच्या खोलीत ‘धारणी’ राहत होता आणि त्याच्या आधी ‘शेंदूरजना’. शेंदूरजना संत्र्यांच्या दिवसांत गावाहून पेटी आणायचा म्हणून त्याचं फार कौतुक. “तू काय आणशीन?” मला विचारलं. मी तोंडाची फटकळ. म्हटलं, “काका, मी आधी माझी गादी आणते, मग बघू.” हसले. तोंडात एकही दात नव्हता, ते तेव्हाच दिसलं.

घरमालक मी पुष्कळ पाहिले. पाण्याच्या मोटरीला कुलूप लावणारे, पाहुणा आला की घड्याळ बघणारे. हे तसले नव्हते. यांचा तऱ्हेवाईकपणा वेगळाच. सारी नोकरी एसटी स्टँडवर गेली, चौकशीच्या खिडकीत, भोंग्यासमोर. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते ओरडून सांगायचं. माणसांना गावाच्या नावानं हाका मारायची खोड तिथलीच. निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण भोंगा काही सुटला नाही. नळ आला की गल्लीला वर्दी: “लक्ष द्या, नळाची गाडी लागून राहिली.” दूधवाला आला नाही की, “दुधाची गाडी उशिरा धावून राहिली, प्रवाशांनी कोरा चहा घ्यावा.” पोरांना मजा वाटायची, मोठ्यांना सवय झाली होती. मला पहिल्या आठवड्यात वाटलं, म्हातारा जरा सरकलेला आहे. मग वाटलं, घरात बोलायला कुणी नसलं की माणूस गल्लीशी बोलणार, दुसरं काय करणार.

त्यात दातांची गंमत. कवळी होती त्यांना, लेकीनं चांगल्या डॉक्टरकडून करून घेतलेली. ती ओट्यावरच्या स्टीलच्या पेल्यात पाण्यात पडलेली असे. वर्दी द्यायची असली की पेल्यातून काढायचे, झटकायचे, तोंडात बसवायचे आणि मग “लक्ष द्या!” वर्दी संपली की परत पेल्यात. लोक खायला दात लावतात, आणि हे खायच्या वेळी काढून ठेवायचे! विचारलं तर म्हणाले, “अवं, दाताबिगर ‘शेंदूरजना’ म्हणून दाखव बरं. निरी थुंकी उडते.” आणि खायचं कसं? “खायले काय लागते? हिरड्या हायेत ना.” खरं म्हणजे कवळी टोचायची त्यांना. हिरड्या आटल्या होत्या आणि कवळी होती तेवढीच राहिली होती. डॉक्टरकडे जाऊन पुन्हा नीट बसवून घ्या म्हटलं, की विषय बदलून मोकळे.

पण गल्लीत त्यांचं खरं नाव होतं ते बाराच्या फोडणीसाठी. माझी शाळा सकाळची. बाराच्या सुमारास मी घरी पोचायची आणि गल्लीच्या तोंडाशीच नाकाला कळायचं. कडकडीत तापलेलं तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिंग, वरून तिखट. अशी झणझणीत की रस्त्यानं जाणारा शिंकायचा. स्वयंपाकघराची खिडकी गल्लीवर, ती सताड उघडी. तिच्यातून काकांचा आवाज: “लक्ष द्या, बाराची फोडणी खिडकीला लागली आहे!”

समोरच्या घरातून खाला विचारणार, “लागली का गाडी, भाऊ?”

“लागली! बसून घ्या!”

की खाला उंबऱ्यात ताट घेऊन बसायची. खाला म्हणजे समोर एकटी राहणारी म्हातारी. नवऱ्याचा गाद्या भरायचा धंदा होता, तो गेला, मुलगा सुरतेला. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण नाक शाबूत होतं. “आज लसून जादा पडला, भाऊ,” असं ती तिथूनच सांगायची, आणि काका खिडकीतून “माफी असावी” म्हणायचे.

काका हाताचे भारी, असं सगळी गल्ली म्हणे. बायको गेल्यावरही माणूस स्वतःचं स्वतः करून खातो, रोज ताजं, रोज वेळेवर, आणखी काय पाहिजे? मी तर फोनवर माझ्या नवऱ्याला टोमणे मारायची. बघ जरा शिकून, तुला चहापलीकडे काही येत नाही.

त्यांना एकच लेक, पुण्याला. रोज संध्याकाळी तिचा फोन. काका तो स्पीकरवर ठेवायचे, त्यामुळे जिन्यात सगळं ऐकू यायचं. “बाबा, जेवलात?” “जेवलो ना.” “काय केलं होतं?” की काका स्टँडवरचा फळा वाचावा तसे घडाघडा सुरू: “वांग्याची भाजी, भाकर, वरण, भात, ठेचा.” “कढी नाही केली?” “कढीची गाडी आत्ताच सुटली.” ती हसायची. मग शेवटी न चुकता तेच: “बाबा, लक्षात आहे ना? नीट जेवताय तोवर अकोला. खराब झालेले दिसलात की मी येणार आणि उचलून पुण्याला नेणार. मग माझ्याशी भांडायचं नाही.”

फोन ठेवून काका जिन्याकडे तोंड करायचे. “ऐकलं का, अमरावती? खाईन तं घर, नाही तं पुणं.” मला एकदा हसू आलं, तर डाफरले. “हास तू. तुले काय होते हासाले? मले त्या अकराव्या मजल्यावर कोनाले आवाज द्यायचा? खाली पाह्यलं तं मानसं दिसत नाहीत, निऱ्या टोप्या दिसतात.”

आधी माझ्या लक्षात आलं ते घड्याळ. चामडी पट्ट्याचं जुनं घड्याळ होतं, नोकरीतलं. झोपतानाही काढत नसत. मी राहायला आले तेव्हा मनगटावर होतं. पावसाळ्यात ते जरा वर सरकलं. दिवाळीला कोपराच्या खाली जाऊन बसलं. पट्ट्याची भोकं संपली होती, म्हणून जिथं हात भरेल तिथं घड्याळ चढत होतं. म्हटलं, “काका, द्या इकडे, मोच्याकडून एक भोक पाडून आणते.” “काही गरज नाही. चामडं आहे, घामानं वाढते.” पायजम्याची नाडी कमरेभोवती वेढे घेत होती. “धुऊन धुऊन कपडा फुगला.” सदरा खांद्यावरून घसरायचा. “शिंप्यानं माप चुकवलं.” म्हणजे जगातलं सगळं वाढत होतं, फक्त काका होते तेवढेच होते.

शनिवारी मी अमरावतीला घरी जायची, सोमवारी परत. एकदा येताना गिला वडा आणला. दह्यात भिजलेला, मऊ. वाटीत घालून खाली दिला, म्हटलं चव बघा आमच्या गावची. जिना चढून पिशवी ठेवते न ठेवते तोच हाक: “ओ अमरावती, अजून हाय का?” दिला. तोही संपला. मग माझ्या वाटणीचाही दिला. मान खाली घालून खात होते, दही हनुवटीला लागलं होतं, त्याचंही भान नव्हतं. एरवी बोलल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा माणूस, पण एक शब्द नाही. भरल्या पोटाचा माणूस असं खात नाही हो.

“काका, काल जेवलात ना?”

“काल उपास होता.”

“परवा?”

“परवाही होता. या महिन्यात लै उपास येतात.”

आपल्याकडे उपास म्हटलं की पुढं कोण विचारतो! उलट लोक पाया पडतात. मीही गप्प बसले, पण डोक्यात ते राहिलं.

थंडी पडली तेव्हाची गोष्ट. शाळेतून येत होते तर गल्लीच्या तोंडाशी फोडणीच्या ऐवजी जळका धूर. खाला उंबऱ्यातून ओरडून राहिली होती, “भाऊ! अरे भाऊ, क्या जला?” मी धावतच आत शिरले. काकू गेल्यापासून स्वयंपाकघराच्या आत ते कुणाला येऊ देत नसत, पण विचारायला वेळ कुठं होता. कढईत मोहरीचा कोळसा झालेला आणि काका भिंतीला टेकून खाली बसलेले, तोंड पांढरंफटक. गॅस बंद केला. साखरपाणी पाजलं. जरा डोळे उघडले, तशी मी इकडंतिकडं पाहिलं.

ओट्यावर ती कढई आणि एक मोठा कप. बस. ना कुकर, ना मळलेली कणीक, ना चिरलेली भाजी. मी डबे उघडले. पिठाला जाळी धरलेली. तुरीच्या डाळीत किडे फिरत होते, तांदळात सोंडे. चहा, साखर, टोस्टचा पुडा आणि मिसळणाचा डबा, एवढंच रोजच्या वापरातलं. मिसळणाचा डबा मात्र लख्ख घासलेला आणि काठोकाठ भरलेला.

“काका, भाजी कुठं आहे?”

“कशाची?”

“कशाची म्हणजे? जिला फोडणी देता ती.”

ते कढईकडे बघत राहिले. मग म्हणाले, “भाजी नसते.”

फोडणी करायची, तिच्यात पाणी ओतायचं, मीठ टाकायचं, उकळी आली की कपात घ्यायचं आणि टोस्ट बुडवून प्यायचं. हे त्यांचं बाराचं जेवण. सकाळी चहा-टोस्ट, रात्री चहा-टोस्ट. लेकीनं मध्ये एका बाईकडून डबा लावून दिला होता. त्यातल्या पोळ्या चावत नव्हत्या, म्हणून त्या खालाच्या बकरीला जायच्या. बकरी अशी माजली की खालानंच एक दिवस विचारलं, आणि काकांनी घाबरून डबा बंद केला. वांग्याची भाजी, वरण, कढी, सगळ्या गाड्या फळ्यावरच होत्या. स्टँडवर एकही नव्हती.

मला असा राग आला की काय सांगू. “अहो, पण का? पोरगी पैसे पाठवते, बाजार चार पावलांवर आहे, मी वर बसलेली आहे! लाज वाटते का मागायला?”

“ओरडू नको,” काका म्हणाले. “मले तेवढंच येते.”

मग त्यांनी सांगितलं. दात नव्हते तोंडात, अर्धे शब्द फुसकन निघून जात होते, पण मला सगळं कळलं. काकांनी जन्मात गॅस पेटवला नव्हता. काकू शेवटी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांनीच एक दिवस धसका घेतला. माझ्यामागं हा माणूस उपाशी मरेल. म्हणाल्या, आत जा, मी इथून सांगते तसं करा. काका ओट्याशी, काकू पलीकडच्या खोलीत बाजेवर. तिथून ओरडून सांगणार. तेल तापू द्या. मोहरी टाका. तडतडली का? आता जिरं. लसूण. हिंग. हळद-तिखट टाका अन् लगेच पाणी, नाही तर जळीन. इथवर आलं आणि त्यांना धाप लागली. “बाकीचं उद्या सांगते,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या बोलतच नव्हत्या, आणि नंतर गेल्याच.

“मी रोज इथवर येतो,” काका म्हणाले. “मंग थांबतो. पुढचं तिनं सांगतलं नाही.”

मला रडू यायला हवं होतं, पण रागच उसळला. “अहो, पुढं होतं काय? त्याच पाण्यात बेसन सोडलं असतं तरी पोटभर जेवण झालं असतं! पाच मिनिटांचं काम. कुणालाही विचारायचं!”

“इचारलं असतं तं गल्लीभर झालं असतं का याले काही येत नाही. गल्लीतून पोरीले समजलं असतं. मंग पुणं.” जरा थांबून हळूच म्हणाले, “आन् तिनं उद्या म्हणलं होतं.”

मग त्यांनी हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, माझ्यापुढं जमिनीवर बसून. “अमरावती, पोरीले सांगू नको.” घड्याळ कोपराशी जाऊन अडकलं होतं. मला ते हात बघवेनात.

“नाही सांगत,” म्हटलं. “पण उद्यापासून बेसन शिकायचं.”

“उद्या?” काका म्हणाले.

मी जीभ चावली. म्हटलं, “आत्ता.”

वरून माझ्या डब्यातलं बेसन आणलं, तांदूळ आणला. पण मी ओट्याशी उभी राहू लागले तर हे ऐकेनात. “तू अथी नको. तिकडून आवाज दे.” तिकडून म्हणजे पलीकडच्या खोलीतून, काकूंच्या बाजेवरून. अंगात बसायचं त्राण नाही आणि मिजास केवढी! पण त्या वेळी मी वाद घातला नाही. गेले, बाजेवर बसले आणि ओरडले, “काका, मोहरी तडतडली का?” “तडतडून राहिली!” “पाणी घातलं?” “घातलं!” आणि मग मी जरा थांबले, कारण पुढचं वाक्य माझं होतं आणि ते बोलायला मला जड गेलं. “आता बेसन पाण्यात कालवा आणि हळूहळू सोडा. दुसऱ्या हातानं हलवत राहा.”

बराच वेळ नुसता चमच्याचा आवाज. मग, “अमरावती, गाठी झाल्या!”

“होऊ द्या! दाबल्या की फुटतात.”

मऊ भातावर ते गाठींचं बेसन घेऊन काका जेवले. वाटीभर खालालाही पोचवलं. तिथून निकाल आला, “भाऊ, गाठी हायेत!” पण वाटी चाटूनपुसून परत आली. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी वाटलं की सुटलं सगळं.

तसं सुटत नसतं. काका रोज बेसन करू लागले, मग मी पालकाचं पातळ आळण शिकवलं, खिचडी शिकवली, तीही बाजेवरूनच. पण पोट आक्रसून गेलं होतं. चार घास घेतले की “भरलं”. दूध दिलं की ढवळून निघायचं. दवाखान्यात चला म्हटलं तर, “तिथं वजन करतात. कागद पोरीले दाखवशीन तू.” तोंडाला चव नव्हती, ती कधी गेली तेही त्यांना आठवत नव्हतं. मी रोज शाळेतून आले की आधी त्यांचं घड्याळ बघायची, जरा खाली उतरलं का. अंगावर मूठभर मांस चढलं असतं तर उतरलं असतं. उतरलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास लेक आली, न कळवता. मी शाळेतून आले तेव्हा ती दारात चपला काढत होती. काका एक क्षणभर गडबडले आणि मग एकदम त्यांच्यात काय संचारलं कोण जाणे. पेल्यातून कवळी काढली, बसवली. “बस तू. बाराची गाडी वेळेवर आहे.” स्वेटर घातलेला, बाह्या मनगटापर्यंत, सगळं झाकलेलं. खिडकी उघडली, फोडणी केली, वर्दी दिली. खालानं विचारलं, “लागली का गाडी, भाऊ?” “लागली! पुण्याची पाहुणी आहे!” मी आपली दाराशी उभी.

भात, बेसन, वर तेलाची धार. लेकीनं पहिला घास घेतला आणि तिचा हात ताटातच थांबला. “आईच्या बेसनातही गाठी असायच्या,” ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. “बाबा, तुम्ही खरंच करता.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पाचवीतला पोरगा निकालाच्या दिवशी बघतो ना, तसं. मग “अजून घे, अजून घे” म्हणत त्यांनी भरली कढई उचलली. ती लोखंडी कढई त्यांना एका हातानं पेलत नव्हती. दोन्ही हातांनी वर उचलली आणि स्वेटरच्या बाह्या सर्रकन मागं गेल्या.

कोपराशी घड्याळ. त्याखाली नुसतं हाड आणि त्यावर सैल कातडी.

लेक उठली. कढई त्यांच्या हातातून काढून घेतली आणि तो हात आपल्या मुठीत धरला. मूठ पूर्ण मिटली, वर बोटं उरली. “बाबा,” एवढंच म्हणाली. बेसन पास झालं होतं, काका नापास झाले.

जिन्यात तिनं मला विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?” म्हटलं, होतं. “मग सांगितलं का नाही?” म्हटलं, “त्यांनी हात जोडले होते.” ती आत गेली आणि त्यांची बॅग भरायला लागली. तिचं काय चुकलं हो? माझे वडील असते तर मीही उचलून नेलं असतं, भांडून, ओढून, कसंही. पण ज्या दिवशी त्यांनी लेकीला पहिल्यांदा स्वतःच्या हातचं जेवण वाढलं, त्याच दिवशी घर गेलं, हे माझ्या गळ्याखाली अजून उतरत नाही.

निघताना गाडी गल्लीत उभी होती. काकांनी खालची किल्ली माझ्या हातात दिली. मग खिशातून कवळी काढून तोंडात बसवली. सगळी गल्ली बाहेर आलेली, आता वर्दी होणार म्हणून पोरं पुढं सरकली. काकांनी तोंड उघडलं, पण आवाज निघालाच नाही. खाला उंबऱ्यातून म्हणाली, “गाडी लागली का, भाऊ?” “लागली,” काका म्हणाले. ‘बसून घ्या’ म्हणाले नाहीत.

पुण्याहून त्यांचा एकदाच फोन आला, भरदुपारी. मी म्हटलं, कसे आहात? म्हणाले, “पेज देतात, मऊ भात देतात, बाई हाय एक. गॅसजवळ जाऊ देत नाहीत.” मग एकदम, “खाला जेवते का?”

“जेवत असेल की.”

“असन नाही. जाऊन पाह्य. मी मांगं तापानं पडलो होतो तवा फोडणी बंद होती, आन् ते बुढी उपाशी होती. मले म्हणे, भाऊ, वासच नाही आला तं भूक कशी लागीन? एकटीसाठी कोन भाजी शिजवते! भाकर थापून ठेवते ते, आन् माह्या वासाबरोबर खाते. म्हणून तं मी खाडा करत नव्हतो, अमरावती. पोरीसाठी तं होतीच फोडणी, पन तिच्यासाठीही होती.”

जो माणूस स्वतः फोडणीचं पाणी पिऊन राहत होता, तो समोरच्या ताटावर लक्ष ठेवून होता. “बाराची गाडी बंद करू नको,” म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून शाळेतून आले की मी आधी खालचं कुलूप काढायची, त्यांच्या खिडकीशी फोडणी करायची आणि मग माझा स्वयंपाक. वर्दी द्यायची मात्र मला लाज वाटायची. खाला वासावरच बसायची ताट घेऊन. “हात वेगळा हाय, पन चालते,” म्हणायची.

पावसाळा लागता लागता लेकीचा फोन आला. काका गेले. साधा खोकला झाला होता, तेवढं झेपलं नाही. “जेवायचे हो शेवटी नीट,” ती रडत सांगत होती, “वजनही जरा भरलं होतं. पण बारा वाजले की गॅलरीत जाऊन उभे राहायचे. दात लावून. मी म्हणायची, बाबा, कुणाला सांगताय?” ती घर विकणार आहे, तेही तिनं सांगितलं. काय करणार, तिला तरी काय करायचं त्याचं.

खालाला मी जाऊन सांगितलं. तिनं “या अल्लाह” म्हटलं आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन खालचं कुलूप काढलं. ओट्यावर पेला तसाच होता, रिकामा. खिडकी उघडली, तेल तापवलं, मोहरी टाकली, सगळं त्याच क्रमानं. वास गल्लीभर गेला. समोरचं दार बंद. मी वाट पाहिली. मग गळा साफ केला आणि जन्मात पहिल्यांदा गल्लीत ओरडले, “खाला, बाराची गाडी लागली!”

आतून बारीक आवाज आला, “आज भूक नाही, बेटी. कल देखेंगे. उद्या.”

तो शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. फोडणीत पाणी घातलं, बेसन सोडलं, डोळ्यांतून धारा लागलेल्या, कढईत काय चाललंय तेही दिसत नव्हतं. फडक्यानं कढई धरली, तशीच चपला न घालता गल्ली ओलांडली आणि खालाचं दार पायानं ढकललं. ती अंधारात भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाजूला कालची भाकर, तशीच.

“ताट काढा खाला,” मी म्हटलं. “उद्या नाही. आत्ता.”

तिनं चाचपडत ताट पुढं केलं. मी वाढलं. मीही तिथंच जमिनीवर बसले. खालानं भाकरीचा तुकडा मोडून बेसनात फिरवला, बोटांना काहीतरी लागलं, तशी ती थांबली. माझ्या बेसनात एरवी कधी गाठी होत नाहीत.

“गाठी हायेत,” खाला म्हणाली, आणि तिनं घास तोंडात घातला.